झाड बरोबर, तक्ता बरोबर, तरी उत्तर चूक

उत्क्रांतिवृक्ष, म्हणजे प्रजातींची नाती दाखवणारी झाडे, आणि त्यांवरचे सांख्यिकीय हिशेब यांविषयी या वेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न ‘आर’ या संगणकभाषेतील कामाबद्दलचे आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली असून त्यांतील ‘डॉट’ म्हणजे टिंब, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : सस्तन प्राण्यांच्या ८४ प्रजातींचा कालनिर्देशित (फांद्यांची लांबी काळात मोजलेला) वृक्ष आणि त्यांच्या शरीराच्या व मेंदूच्या वजनांचा तक्ता माझ्याकडे आहे. ‘एप’ या पॅकेजमधील, म्हणजे तयार आज्ञांच्या संचातील, ‘पिक’ हे फंक्शन वापरून मी स्वतंत्र कॉन्ट्रास्ट, म्हणजे नातलग प्रजातींच्या आकड्यांतले फांद्यांच्या लांबीनुसार तोललेले फरक, काढले, तर दोन वजनांमधला संबंध अगदीच क्षीण निघाला. माझ्या सहकाऱ्याने त्याच दोन फाइलींवरून तोच हिशेब केला आणि त्याला भक्कम संबंध मिळाला. दोघांच्याही संगणकावर एकही एरर आली नाही. मी वापरलेल्या आज्ञा सोबत जोडल्या आहेत. चूक कुठे आहे?

उत्तर : चूक आपल्या तिसऱ्या ओळीत आहे, आणि ती इतकी साधी आहे की अनुभवी माणसाच्याही नजरेतून सुटते. आपण तक्त्यातून वजनाचा स्तंभ डॉलरचे चिन्ह लावून वेगळा काढला आणि तो तसाच ‘पिक’च्या हाती दिला. डॉलरने काढलेल्या स्तंभात आकडे येतात, पण ओळींना दिलेली प्रजातींची नावे त्यांच्याबरोबर येत नाहीत. आकड्यांना नावे असतील तर ‘पिक’ ती वृक्षाच्या टोकांवरील नावांशी जुळवून घेते. नावे नसतील तर हे आकडे टोकांच्याच क्रमाने लावलेले आहेत असे ते गृहीत धरते. हे वर्तन त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट नोंदलेले आहे, त्यामुळे याला सॉफ्टवेअरचा दोष म्हणता येत नाही. आपला तक्ता मात्र वर्णानुक्रमाने लावलेला आहे आणि वृक्षाची टोके नात्यागोत्याच्या क्रमाने आहेत.

यातून काय घडते ते चार टोकांच्या छोट्या वृक्षावर पाहू. होमो (माणूस) आणि पॅन (चिंपांझी) ही दोन टोके प्रत्येकी ६ एकक लांबीच्या फांद्यांनी एका गाठीला जोडली आहेत. ती गाठ २ एकक लांबीच्या फांदीने पुढच्या गाठीला मिळते आणि तिथे गोरिला ८ एकक लांबीच्या फांदीने येऊन मिळतो. तिथून मुळापर्यंत ६ एकक, आणि मुळातून थेट निघालेली पोंगोची, म्हणजे ओरांगउटानची, फांदी १४ एकक लांब. वृक्षातील टोकांचा क्रम होमो, पॅन, गोरिला, पोंगो असा झाला. तक्त्यात हीच नावे रोमन वर्णानुक्रमाने गोरिला, होमो, पॅन, पोंगो अशी लागतील. वजने केवळ उदाहरणापुरती गोरिला १२०, होमो ६०, पॅन ४५ आणि पोंगो ५५ किलो धरू. (प्रत्यक्षात वजनांचे लॉगरिदम घ्यावे लागतात, ती पायरी इथे सोडून दिली आहे.)

होमो आणि पॅन यांच्यातला खरा कॉन्ट्रास्ट म्हणजे ६० वजा ४५ हा १५ चा फरक भागिले १२ चे (दोन फांद्यांच्या लांबीच्या बेरजेचे) वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.३३. नावांविना आकडे दिले की होमोच्या टोकावर गोरिलाचे १२० जाऊन बसतात, पॅनच्या टोकावर होमोचे ६०, आणि गोरिलाच्या टोकावर पॅनचे ४५. आता तोच कॉन्ट्रास्ट ६० भागिले १२ चे वर्गमूळ, म्हणजे १७.३२ निघतो. उत्तर चौपट झाले, पडद्यावर अक्षरही उमटले नाही, आणि पोंगो योगायोगाने स्वतःच्या जागी राहिल्यामुळे वरवर चाळणाऱ्याला शंकाही येणार नाही. १९८५ साली उत्क्रांतिशास्त्रज्ञ जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी ही पद्धत मांडली ती नातलग प्रजातींचे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात म्हणून. नात्यांचा हिशेब ठेवण्यासाठी बांधलेल्या पद्धतीत आपण नातीच अदलाबदल करून टाकली, असे हे झाले आहे.

उपाय दोन आहेत. एक, स्तंभ वेगळा काढताना ‘सेटनेम्स’ने प्रजातींची नावे त्याला परत जोडावीत. दुसरा, जो मला अधिक पसंत आहे, तो असा की हिशेबाला हात लावण्यापूर्वीच संपूर्ण तक्त्याच्या ओळी वृक्षाच्या ‘टिप डॉट लेबल’च्या क्रमाने लावून घ्याव्यात आणि दोन्हीकडची नावे तंतोतंत एकाच क्रमाने आली आहेत ना, हे ‘आयडेंटिकल’ने तपासावे. तक्ता ‘टिबल’ प्रकारचा असेल तर त्यात ओळींची नावे टिकत नाहीत, म्हणून प्रजातीचे नाव स्वतंत्र स्तंभात ठेवणे सर्वांत सुरक्षित.

याहून कपटी प्रकार म्हणजे नावे आहेत, पण काही जुळत नाहीत. अशा वेळी ‘पिक’ एक वॉर्निंग देते, जिचा अर्थ असा की नावे टोकांशी जुळली नाहीत म्हणून ती विचारात घेतलेली नाहीत. घेतलेली नाहीत म्हणजे जुळणारीसुद्धा घेतलेली नाहीत. ८४ पैकी एका नावात एक अक्षर चुकले तरी उरलेल्या ८३ नावांची जुळणी सोडून दिली जाते आणि आकडे पुन्हा क्रमानेच बसवले जातात. उत्तर मात्र मिळते, आणि उत्तर मिळाले की लाल अक्षरांतली ओळ वाचायचा कंटाळा माणूस करतो. ‘जीएलएस’ या फंक्शनला ‘कॉरब्राउनियन’ हा वृक्षावरून काढलेला सहसंबंध देतानाही हेच होते: ‘फॉर्म’मध्ये प्रजातीचा स्तंभ सांगितला नाही, तर प्रजाती तक्त्यातील क्रमानेच घेतल्या जातील अशी वॉर्निंग येते आणि काम पुढे चालू राहते.

कुणाचेही काम तपासताना मी एक युक्ती वापरतो. तक्त्याच्या ओळी मुद्दाम उलट्या क्रमाने लावाव्यात आणि सगळा हिशेब पुन्हा चालवावा. जुळणी नावांवरून होत असेल, तर ओळी कशाही लावल्या तरी उत्तर शेवटच्या दशांशस्थळापर्यंत तेच यायला हवे. उत्तर हलले, तर जुळणी क्रमावरून होते आहे आणि आधीचे सर्व निष्कर्ष बाजूला ठेवावे लागतील. आपल्या सहकाऱ्याने बहुधा नावे जोडलेली असावीत. तरी त्यांच्या फाइलीवरही हीच चाचणी एकदा करून पाहावी.

प्रश्न : ‘गायगर’ पॅकेजमधील ‘नेम डॉट चेक’ माझ्या वृक्षातील आणि तक्त्यातील एकही नाव जुळत नसल्याचे सांगते. मी दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या, नावे अक्षरशः तीच आहेत.

उत्तर : एकही नाव जुळत नसेल तर आनंद माना, कारण मग दोष एकच आहे आणि तो सगळीकडे सारखा आहे. दहापैकी नऊ वेळा तो अधोरेषेचा असतो. वृक्ष लिहिण्याच्या न्यूविक पद्धतीत अवतरणाशिवाय लिहिलेल्या नावात मोकळी जागा चालत नाही आणि तिच्या जागी अधोरेषा लिहिण्याचा संकेत आहे. ‘रीड डॉट ट्री’ ती अधोरेषा तशीच ठेवते, तर तक्त्यात पँथेरा आणि लिओ यांच्यामध्ये साधी मोकळी जागा असते. तक्त्यातील मोकळ्या जागांच्या ठिकाणी ‘जीसब’ने अधोरेषा घातली की बहुतेक यादी जागेवर येते.

त्यानंतर थोडीच नावे उरत असतील तर काम खरे नाजूक होते. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा ‘ट्रिमडब्ल्यूएस’ने निघते आणि ‘एनकॅर’ने सापडतेही: पँथेरा लिओ हे नाव रोमन लिपीत मधल्या जागेसह १२ अक्षरांचे आहे, ते १३ भरले तर शेवटी किंवा सुरुवातीला काहीतरी चिकटलेले आहे. पण संकेतस्थळावरून किंवा पीडीएफमधून नक्कल केलेल्या नावात अनेकदा न तुटणारी मोकळी जागा येते, म्हणजे ओळ मोडू नये म्हणून छपाईसाठी वापरतात ती. ती दोन शब्दांच्या मध्ये असेल तर मोजणीत अक्षरे १२ च भरतात, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि ‘जीसब’ला साधी मोकळी जागा शोधायला सांगितलेली असल्यामुळे ते तिला वगळून पुढे जाते. ‘ट्रिमडब्ल्यूएस’ही नेहमीच्या पद्धतीने वापरले तर तिला हात लावत नाही. अशा वेळी ‘यूटीएफ एट टू इंट’ने त्या एका नावाचे अक्षरांक काढावेत. साध्या जागेचा अंक ३२ असतो, हिचा १६०. एकदा दिसली की एका ओळीत ती सगळीकडून काढून टाकता येते.

यानंतरही जी नावे उरतील ती संगणकाची नसून वर्गीकरणाची बाब असते. हिमबिबट्या जुन्या तक्त्यांत उन्सिया उन्सिया म्हणून असतो आणि नव्या वृक्षांत पँथेरा उन्सिया म्हणून; प्यूमा कॉन्कलर हा जुन्या नोंदींत फेलिस कॉन्कलर असतो. ही जुळणी हातानेच, प्रमाण नामसूची उघडी ठेवून करावी आणि जुने नाव, नवे नाव व बदलाचे कारण अशा तीन स्तंभांची वेगळी फाइल जपून ठेवावी. जवळपासची अक्षरे पाहून नावे आपोआप जुळवणाऱ्या साधनांचा मोह या ठिकाणी टाळावा. पारस मेजर आणि पारस मायनर यांच्या रोमन लिखाणात अवघ्या दोन अक्षरांचा फरक आहे, आणि ते दोन वेगळे पक्षी आहेत.

आणखी एक सावधगिरी ओळी गाळणाऱ्या फंक्शनांबद्दल. ‘ट्रीडेटा’ न जुळणारी टोके आणि ओळी काढून टाकते आणि काय काढले ते सांगते; ‘केपर’मधील ‘कम्पॅरेटिव्ह डॉट डेटा’ तेच करते, पण ‘वॉर्न डॉट ड्रॉप्ड’ चालू केल्याशिवाय सांगत नाही. ‘ट्रीडेटा’ परत देते तो तक्ता मॅट्रिक्स असतो आणि मॅट्रिक्समध्ये एकाच प्रकारची माहिती राहू शकते, म्हणून तक्त्यात आहाराचा किंवा अधिवासाचा एखादा शब्दरूप स्तंभ असला की सर्व आकडेही मजकूर होऊन बसतात. गाळण्याच्या आधी आणि नंतर टोकांची संख्या लिहून ठेवण्याची सवय असावी.

प्रश्न : माझ्या वृक्षाची फाइलच वाचली जात नाही. ‘रीड डॉट ट्री’ कधी एरर देते, कधी काहीच हाती लागत नाही.

उत्तर : फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून पहिली ओळ पाहावी. ती हॅशचे चिन्ह आणि नेक्सस या शब्दाने सुरू होत असेल, तर ती न्यूविक फाइलच नव्हे. तिला ‘रीड डॉट नेक्सस’ लागेल. ती कंसाने सुरू होत असेल, तर शेवटचा अर्धविराम आहे ना ते पाहावे, कारण वृक्ष तिथे संपतो असे वाचणारे फंक्शन त्यावरूनच ठरवते. मग उघडणारे आणि मिटणारे कंस मोजून समान आहेत का ते बघावे. नावात स्वल्पविराम, विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे किंवा कंस असतील तर तेही घात करतात, कारण ही सर्व चिन्हे वृक्षाच्या व्याकरणाची आहेत. नमुन्याच्या क्रमांकात किंवा कंसात लिहिलेल्या ठिकाणाच्या नावात ती हमखास सापडतात.

कंसांत कंस घालून झाड लिहिता येते हे गणितज्ञ आर्थर केली यांनी १८५७ मध्येच ओळखले होते. आजचा संकेत मात्र १९८६ साली काही संशोधकांनी मिळून ठरवला, आणि त्यांची शेवटची बैठक अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डोव्हर गावी न्यूविक नावाच्या खाणावळीत झाली म्हणून पद्धतीलाही तेच नाव पडले.

प्रश्न : कालनिर्देशन करून मिळवलेला वृक्ष असूनही ‘इज डॉट अल्ट्रामेट्रिक’ त्याला नकार देते. ‘फायटूल्स’मध्ये ‘फोर्स डॉट अल्ट्रामेट्रिक’ आहे असे कळले. ते सरळ वापरावे का?

उत्तर : सरळ वापरू नये, आधी नकाराचे कारण पाहावे. अल्ट्रामेट्रिक वृक्षात मुळापासून प्रत्येक टोकापर्यंतचे अंतर समान असते. वरच्या चार टोकांच्या वृक्षात कोणत्याही वाटेने गेले तरी १४ एकक भरतात, तसे. फंक्शन ही समानता अतिशय काटेकोरपणे तपासते: सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड वाटेतला फरक सर्वांत लांब वाटेच्या सुमारे ०.०००००००१५ पटीपेक्षा जास्त असेल तर ते नकार देते. आता समजा वृक्षाची खोली १०० दशलक्ष वर्षे आहे आणि ज्या प्रोग्रॅमने फाइल लिहिली त्याने फांद्यांच्या लांब्या चार दशांशस्थळांपर्यंतच छापल्या. मुळापासून टोकापर्यंत वीस फांद्या असतील तर वीस वेळा पूर्णांकन झाले. त्यातून ०.०००१ इतका फरक पडला तरी तो खोलीच्या एक दशलक्षांश भाग होतो, म्हणजे मर्यादेच्या साठ पटींहून अधिक. कालनिर्देशन बरोबर आहे, फक्त छपाईत शेपूट कापली गेली आहे.

म्हणून आधी ‘नोड डॉट डेप्थ डॉट एजलेंथ’ने मुळापासूनची अंतरे काढून टोकांपुरती पाहावीत आणि सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करावे. बाकी चौथ्या-पाचव्या दशांशस्थळात असेल, तर ‘फोर्स डॉट अल्ट्रामेट्रिक’ हे योग्य औषध आहे आणि त्याचा उपयोग लेखात एका वाक्यात नमूद करावा. पण १०० दशलक्ष वर्षांच्या वृक्षात ही बाकी ३ किंवा ४ दशलक्ष वर्षे भरली, तर तिचा पूर्णांकनाशी संबंध नाही. एक तर वृक्षात जीवाश्म प्रजाती आहेत, ज्यांची टोके आजपर्यंत पोहोचणे अपेक्षितच नाही, किंवा फांद्यांच्या लांब्या काळाच्या नसून जनुकीय बदलांच्या आहेत आणि आपल्याला चुकीची फाइल मिळाली आहे. दुसऱ्या स्थितीत वृक्ष ताणून समान करणे म्हणजे कालनिर्देशन नव्हे, असा इशारा ते फंक्शन स्वतःच देते. तिथे ‘एप’मधील ‘क्रोनोस’सारखी, उत्क्रांतीचा वेग फांदीगणिक बदलू शकतो हे मानून काळ काढणारी पद्धत वापरावी लागेल.

प्रश्न : फायलोजेनेटिक रिग्रेशन (प्रजातींची नाती धरून दोन राशींमधला संबंध काढणे) चालवताना मॅट्रिक्स सिंग्युलर, म्हणजे व्यस्त न निघणारा, असल्याची एरर येते. शून्य लांबीच्या सर्व फांद्यांना ०.०००००१ ही लांबी द्या, असे सुचवण्यात आले आणि त्याने एरर गेलीसुद्धा. हे ग्राह्य आहे का?

उत्तर : एरर गेली, आणि तिच्याबरोबर तुमचा विश्वासार्ह निष्कर्षही गेला असण्याची शक्यता आहे. असे का, ते नीट पाहू.

रिग्रेशनसाठी वृक्षावरून सहप्रसरणाचा मॅट्रिक्स, म्हणजे प्रजातींचे आकडे किती एकत्र बदलतात याचा चौकोनी तक्ता, बनतो. त्यात दोन टोकांच्या खान्यात त्यांनी मुळापासून एकत्र केलेला प्रवास लिहिला जातो. आपल्या छोट्या वृक्षात होमो आणि पॅन यांचा एकत्र प्रवास ६ अधिक २ म्हणजे ८, गोरिलाचा त्या दोघांशी ६, पोंगोचा कुणाशीही ० आणि प्रत्येकाचा स्वतःशी १४. आता कल्पना करा की होमो आणि पॅन यांच्या शेवटच्या फांद्या शून्य लांबीच्या आहेत आणि ते दोघे १४ एककांपर्यंत एकत्रच आले. मग मॅट्रिक्समधल्या त्यांच्या दोन ओळी हुबेहूब सारख्या होतात, आणि दोन सारख्या ओळी असलेल्या मॅट्रिक्सचा व्यस्त निघत नाही. एरर सांगते ती एवढीच गोष्ट. प्रत्यक्षात हे बहुधा एकाच प्रजातीचे दोन नमुने किंवा ज्यांच्या जनुकांत काहीच फरक सापडला नाही असे दोन उपप्रकार वृक्षात स्वतंत्र टोके म्हणून आल्यामुळे घडते.

आता त्या दोन फांद्यांना ०.०००००१ लांबी दिली आणि त्या दोन नमुन्यांची वजने ६० आणि ५९ असली, तर त्यांच्यातला कॉन्ट्रास्ट १ भागिले ०.०००००२ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ७०७ येतो. मघाचा होमो आणि पॅन यांचा कॉन्ट्रास्ट ४.३३ होता. एका किलोचा, कदाचित मोजमापातल्या चुकीचाच, फरक आता संपूर्ण रिग्रेशनची रेषा स्वतःच्या दिशेने ओढून नेतो, आणि लांबी जितकी लहान द्याल तितका त्याचा जोर वाढतो. योग्य मार्ग म्हणजे अशा टोकांची सरासरी काढून प्रजातीगणिक एकच टोक ठेवणे. टोके वेगळी ठेवण्याला सबळ कारण असेल, तर प्रजातीअंतर्गत फरक स्वतंत्रपणे धरणारे मॉडेल वापरावे.

आतल्या फांद्या शून्य लांबीच्या असतील तर मात्र एवढे घाबरण्याचे कारण नाही, आणि इथेच पुष्कळ लोक गल्लत करतात. ‘पिक’ला प्रत्येक गाठीतून दोनच फांद्या फुटलेल्या हव्या असतात, तीन-चार फांद्या एकाच गाठीतून निघत असतील तर ते काम नाकारते, आणि मग ‘मल्टी टू डीआय’ने शून्य लांबीच्या आतल्या फांद्या घालून ती गाठ सोडवली जाते. या शून्यांनी मॅट्रिक्स बिघडत नाही, कारण टोकांचे एकत्र प्रवास तेच राहतात. ‘मल्टी टू डीआय’ ही सोडवणूक यदृच्छेने करते, म्हणून सुटे कॉन्ट्रास्ट दर वेळी थोडे वेगळे दिसतील, रिग्रेशनचा उतार मात्र तोच राहील. सुट्या कॉन्ट्रास्टवरून काही म्हणायचे असेल तर ‘सेट डॉट सीड’ने यदृच्छ निवडीचे बीज नोंदवून ठेवावे.

प्रश्न : वृक्षाच्या उजव्या बाजूला प्रत्येक प्रजातीच्या वजनाचे आडवे स्तंभ काढले आहेत. ‘लॅडराइझ’ केल्यापासून ते भलत्याच प्रजातींसमोर येतात. तक्ता मात्र टोकांच्या क्रमानेच लावलेला आहे.

उत्तर : ‘लॅडराइझ’ फांद्या वरखाली फिरवते, पण टोकांच्या नावांची यादी आहे त्याच क्रमात ठेवते. टोकांना १ पासून क्रमांक असतात, मुळाला त्यानंतरचा, आणि चित्र काढले जाते ते ‘एज’ या दोन स्तंभांच्या मॅट्रिक्सवरून. ‘टिप डॉट लेबल’च्या क्रमाशी त्याचा संबंध नाही. आपल्या चार टोकांच्या वृक्षात मुळाचा क्रमांक ५ असतो आणि ‘एज’मध्ये सहा ओळी असतात. त्या मॅट्रिक्सच्या दुसऱ्या स्तंभातून टोकांच्या संख्येइतके किंवा तिच्यापेक्षा लहान आकडे जसेच्या तसे उचलले की टोकांचा चित्रातला, खालून वर जाणारा क्रम मिळतो. त्या क्रमाने वजने लावावीत, स्तंभ जागेवर येतील.

प्रश्न : बहिर्गट, म्हणजे अभ्यासगटाबाहेरच्या प्रजाती, देऊन वृक्षाला नव्याने मूळ दिले. आता काही बूटस्ट्रॅप आकडे आधीच्या चित्रापेक्षा वेगळ्या गटांसमोर दिसतात आणि ‘इज डॉट रूटेड’ अजूनही नाहीच म्हणते.

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे. ‘रूट’ हे फंक्शन आपण वेगळे सांगितले नाही तर तळाशी तीन फांद्यांची गाठ ठेवते आणि अशा वृक्षाला ‘एप’ मूळ असलेला मानत नाही. ‘रिझॉल्व्ह डॉट रूट’ चालू करावे. तळाची गाठ दुभागली जाईल, फक्त त्यासाठी घातलेली फांदी शून्य लांबीची असेल, हे फांद्यांच्या लांब्या वापरणाऱ्या पुढच्या हिशेबात लक्षात ठेवावे. बहिर्गटात एकाहून अधिक प्रजाती असतील आणि त्या वृक्षात एकत्र गट करत नसतील तर फंक्शन एरर देऊन थांबेल. ते थांबते हे योग्यच आहे. अशा वेळी बहिर्गटातील एकच प्रजाती देऊन चित्र काढावे आणि बाकीच्या कुठे गेल्या ते पाहावे.

बूटस्ट्रॅपचा भाग अधिक गंभीर आहे. तो आकडा सांगतो की अमुक फांदी तोडली असता टोकांचे जे दोन गट पडतात, ते मूळ माहितीतून पुन्हा पुन्हा काढलेल्या नमुन्यांवरून बनवलेल्या किती टक्के वृक्षांत तसेच पडले. म्हणजे आकडा फांदीचा आहे. न्यूविक फाइलीत मात्र फांदीला नाव लिहिण्याची जागा नाही, म्हणून तो गाठीचे नाव म्हणून लिहिला जातो आणि वाचणारा प्रोग्रॅम त्याला गाठीची मालमत्ता समजतो. मूळ हलवले की जुने मूळ आणि नवे मूळ यांच्यामधल्या वाटेवरील प्रत्येक फांदीची दिशा उलटते. तिचे खालचे टोक वरचे होते आणि आकडा गाठीला चिकटून राहिल्यामुळे शेजारच्या फांदीवर सरकतो. या वाटेबाहेरचे आकडे जागेवरच असतात, त्यामुळे बहुतेक चित्र बरोबर दिसते आणि चार-पाच आकडेच चुकतात.

‘रूट’ला ‘एजलेबल’ हा पर्याय चालू करून दिला, तर ते गाठींची नावे फांद्यांची समजून योग्य रीतीने हलवते. दोन मुळांमधल्या वाटेवरचा एखादा आकडा निवडून पडताळा घ्यावा: जुन्या चित्रात त्या फांदीने कोणती टोके एका बाजूला काढली होती ती कागदावर लिहावीत, आणि नव्या चित्रात तोच आकडा तीच टोके, किंवा उरलेली सगळी टोके, वेगळी काढतो आहे का ते बघावे. आधीच छापायला दिलेल्या आकृत्यांत हा पर्याय वापरला नसेल, तर मूळ फाइलीपासून त्या पुन्हा काढाव्यात. चित्रात हाताने आकडे सरकवू नयेत.